देव कसा आहे हे शोधताना

तू विचारलंस, बायबलच्या जुन्या करारातला देव रागीट आणि येशू प्रेमळ, मग दोघे एक कसे? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर शोधायला उत्पत्तीपासून सलग वाचत बसू नकोस, नियमांनी भरलेल्या लेवीय पुस्तकात अडकशील.

आधी निर्गम या पुस्तकातला 34:6-7 काढ. तिथे देव मोशेला स्वतःच आपली ओळख सांगतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, आणि तरीही अपराधाकडे काणाडोळा न करणारा. ही ओळ पुढे कुठे कुठे येते ते बघ. 103व्या स्तोत्रात दाविदाला तिच्यात दिलासा मिळतो. योना संदेष्ट्याला मात्र तिचाच राग येतो, कारण निनवेसारख्या क्रूर शहरालाही देव क्षमा करतो. आणि त्याच निनवेला न्यायाचा इशारा देताना नहूम संदेष्टाही देवाला मंदक्रोध म्हणतो. दया आणि न्याय एकाच देवाचे आहेत, हे मला या तिघांना शेजारी ठेवून वाचल्यावर जितकं कळलं, तितकं कुठल्याही प्रवचनातून कळलं नाही.

मग योहान 4 वाच. पुण्यात शारदा सदन चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंना ख्रिस्त कोण हे याच अध्यायातून उमगलं. विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीचं आयुष्य येशू तिच्यापुढे स्पष्ट मांडतो, पण तिला हिणवत नाही. योहान 14:9 त्यानंतर वाच, तिथे येशू म्हणतो, ‘ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं.’

आजारपण, अपयश यांवरून ‘देव माझ्यावर चिडलाय’ असं ठरवू नकोस. योहान 9 मध्ये शिष्यांनीही जन्मांध माणसाबद्दल, हे कुणाच्या पापामुळे, असं विचारलं होतं. येशूने ते साफ नाकारलं. रविवारी उपासनेनंतर थांब, निर्दोष असूनही दुःख भोगलेल्या ईयोबाबद्दल निवांत बोलू.