पहिला आकडा बघा, दुसरा नंतर

प्रश्न : मी मूळचा नागपूरचा, वय ४४, सध्या हॅरिसबर्ग, पेनसिल्व्हेनिया. ग्रीन कार्ड आहे. या उन्हाळ्यात शिकारीचं सक्तीचं प्रशिक्षण पूर्ण केलं आणि .३०८ ची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घेतली. नोव्हेंबरात ऑफिसातल्या मंडळींबरोबर पॉटर काउंटीत हरणाला जायचं आहे. दुकानातला माणूस म्हणतो, ६-२४×५० स्कोप (रायफलवर बसवायची दुर्बीण) घ्या, पुढे लांबचा नेम धरायला उपयोगी पडेल. मित्र म्हणतो, ३-९×४० पुरे. ४०० डॉलरपर्यंत खर्च करायची तयारी आहे. चष्मा लावतो. काय घेऊ?

उत्तर : मित्राचं ऐका. दुकानदाराचं मी ऐकलं होतं, त्याची गोष्ट आधी सांगतो.

२००६ साली मीही ६-२४×५० घेतला. दिसायला तोफ! माझ्या हलक्या रायफलवर तो म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पहिल्या दिवशी सकाळी सव्वासातच्या सुमाराला एका हेमलॉकच्या झाडाला पाठ टेकून बसलो होतो. समोरच्या उतारावरून हरीण आलं, थेट ३० यार्डांवर. रायफल खांद्याला लावली, तर स्कोपमध्ये नुसते तपकिरी केस. मान की पुठ्ठा, काही कळेना. आदल्या दिवशी रेंजवर झूम १२ वर ठेवला होता, तो तसाच राहिलेला. १२ पटीला त्या अंतरावर जेमतेम अडीच फुटांचा तुकडा दिसतो, आणि हरीण त्याच्या दुप्पट लांब. झूमची कडी चाचपडत फिरवेपर्यंत ते पांढरी शेपटी वर करून झाडीत गेलं. त्याला ‘व्हाइट-टेल’ का म्हणतात, ते मला त्या दिवशी नीट दिसलं.

म्हणून स्कोपच्या नावातला पहिला आकडा आधी बघा. ३-९×४० म्हणजे वस्तू तिपटीपासून नऊपटीपर्यंत मोठी दिसते आणि पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं असतं. ३ वर ठेवला की १०० यार्डांवर साधारण ३३ फूट रुंदीचं दृश्य दिसतं, ९ वर ते १४ फुटांच्या आसपास येतं. पॉटर काउंटीच्या रानात १०० यार्डांपलीकडचा नेम क्वचित मिळतो. बीच आणि मेपलची झाडी, खाली लॉरेलची झुडपं. हरीण दिसलं तर जवळच दिसतं. २-७ किंवा २-१० मिळाला तर मी तोच घेईन. जंगलात झूम सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवून चालायचं. हरीण लांब असेल तर कडी फिरवायला वेळ मिळतो, जवळ असेल तर मिळत नाही. दुकानदारानं हे सांगितलं नसेल, कारण तो २४ चा आकडा विकत होता.

आता उजेडाचं. इथे कायद्यानं सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास हरणावर गोळी झाडता येते, आणि हरणं नेमकी झुंजूमुंजू आणि तिन्हीसांजेला हिंडतात. भिंगाच्या आकड्याला झूमच्या आकड्यानं भागा. ४० भागिले ८ म्हणजे ५. एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा ठिपका तुमच्या डोळ्यावर पडतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर अनेकांची ५ च्या आसपासच. म्हणजे संध्याकाळी ३-९×४० हा ६ ते ८ वर ठेवला की डोळ्याला घेता येईल तेवढा उजेड मिळतो. त्या ६-२४×५० ला २४ वर नेलंत तर ५० भागिले २४, जेमतेम २. मोठं भिंग आणि मोठा झूम एकमेकांना खाऊन टाकतात. स्कोपची ३० मिलिमीटरची नळी १ इंचीपेक्षा जास्त प्रकाश देते, हेही दुकानात ऐकाल. तसं नसतं. तिच्यात वर-खाली, डाव्या-उजव्या फिरकीला जागा जास्त असते, एवढंच. प्रकाश भिंगावर आणि त्याच्या लेपावर ठरतो.

४०० डॉलरमध्ये ल्युपोल्ड, व्होर्टेक्स, बरिस यांचे चांगले स्कोप येतात, आणि स्कोप रायफलवर बसवायच्या रिंगा-माउंटसाठी ५०-६० डॉलर बाजूला राहतात. ते जरूर ठेवा. क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायच्या आडव्या-उभ्या रेघा, साधी घ्या, कडेला जाड आणि मध्ये बारीक. ही ‘डुप्लेक्स’ ल्युपोल्डनं १९६२ मध्ये आणली. मंद उजेडात बारीक रेघ हरवली, तरी जाड रेघा डोळ्याला मध्याकडे नेतात. नाताळच्या झाडासारखे ठिपके असलेली क्रॉसहेअर १०० यार्डांवर कशाला? पॅरलॅक्सची (डोळा हलला की रेघ निशाणावरून सरकल्यासारखी दिसते, ते घालवायची) वेगळी फिरकीही नको.

तुम्ही चष्मेवाले, म्हणून एक गोष्ट नीट बघा : डोळा स्कोपपासून किती इंचांवर ठेवला तर पूर्ण वर्तुळ दिसतं. साडेतीन इंचांपेक्षा कमी असेल तो स्कोप परत ठेवा. .३०८ चा धक्का बऱ्यापैकी असतो. चढावर नेम धरताना मान आपोआप पुढे जाते, आणि मग स्कोपची कड भुवईवर बसते. माझ्या बसली होती. घरी आल्यावर सौ. म्हणाली, “हे काय, चंद्रकोर रेखून आलास?” तीन टाके पडले. ऑफिसात मी दार लागलं म्हणून सांगितलं.

स्कोप बसवताना नोव्हेंबरातलं जाड जाकीट अंगात घाला. टी-शर्टवर जुळवलेलं अंतर जाकिटात जुळत नाही. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग उघडा. वर्तुळ पूर्ण दिसलं पाहिजे. रिंगांचे स्क्रू टॉर्कच्या (जोर मोजणाऱ्या) पेचकसानं आवळा. बहुतेक रिंगांना १५ ते १८ इंच-पौंड चालतं, पण डब्यातल्या कागदावर असेल तोच आकडा खरा. चाळीस वर्षं मी कारखान्यात नटबोल्ट आवळले, तरी इथे हाताच्या अंदाजावर जात नाही. चांगला स्कोप ढिल्या रिंगेत ठेवला तर गोळी रोज नवीन ठिकाणी जाते, आणि माणूस कंपनीला शिव्या देत बसतो.

शून्य साधायला, म्हणजे क्रॉसहेअर जिथे तिथेच गोळी लागावी म्हणून, आधी २५ यार्डांवर बसा. स्कोपच्या फिरकीच्या एका क्लिकला १०० यार्डांवर पाव इंच सरकतं, २५ वर त्याचा चौथा हिस्सा. म्हणजे गोळी इंचभर खाली लागली तर ४ नव्हे, १६ क्लिक. मग १०० यार्डांवर जाऊन पक्कं करा.

रानात स्कोपमधून आजूबाजूला न्याहाळायचं नाही. स्कोप जिकडे, बंदुकीची नळी तिकडे. झुडपात हललं ते माणूसही असू शकतं. बघायला गळ्यात साधी दुर्बीण ठेवा, आणि नारिंगी जाकीट-टोपी विसरू नका. डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी हा कायदा आहे.

(एच-१बीवर असलेल्या वाचकांसाठी : तुम्हाला बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना हा त्याला अपवाद. वकिलाशी बोलल्याशिवाय दुकानात जाऊ नका.)

प्रश्न : डिसेंबरात भारतात जातेय. कोल्हापूरची माझी भाची १० मीटर एअर रायफल खेळते. तिच्यासाठी इथून एक चांगला स्कोप नेऊ का? (ह्यूस्टन)

उत्तर : नेऊ नका. एक तर रायफलचा स्कोप अमेरिकेबाहेर नेण्यावर इथल्या वाणिज्य खात्याची बंधनं आहेत, बॅगेत साड्यांखाली टाकून चालत नाही. आणि दुसरं म्हणजे तिला तो वापरताच येणार नाही. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला परवानगी नसते. मागे बारीक भोक, पुढे एक कडी, त्यातून नेम. १० मीटरच्या निशाणावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि पोरं तो नुसत्या भोकातून बघून मारतात. तुमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटरचं कांस्यपदक मिळवलं, तेही स्कोपशिवाय.

भाचीला शूटिंगचं जाकीट आवडेल, पण ते अंगाच्या मापानं शिवलेलं लागतं आणि वाढत्या वयात वर्षभरात आखूड होतं. तिच्या प्रशिक्षकांना फोन करून विचारा. बहुधा ते छऱ्यांचे डबे म्हणतील, आणि तेही तिथेच घ्या म्हणतील. पाकिटात पैसे घालून द्या.