एकटीनेच गाडी काढायचीय, घरच्यांना कसं सांगू?

प्रश्न: ताई, मी ४७ वर्षांची, पुण्यात राहते. बारा वर्षं झाली, रोज ऑफिसला स्वतः गाडी चालवत जाते पण लांब जायचं म्हटलं की स्टिअरिंग कायम नवऱ्याकडे. मुलगी आता नोकरीला बंगळुरूला गेली आणि मला फार मनापासून वाटतंय की चार दिवस एकटीने गाडी घेऊन कोकणात जावं, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग खाली जमेल तितकं. घरी बोलले तर सासूबाई म्हणाल्या, तुमच्या दोघांचं काही बिनसलंय का, आणि नवरा म्हणतो मैत्रिणींना घेऊन जा ना. भांडण वगैरे काही नाही हो. पण एकटीलाच जायचंय. कसं सांगू, आणि जमेल का मला?

उत्तर: जमेल. बारा वर्षं पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी हाकणाऱ्या बाईला ताम्हिणी जड जाणार नाही. घाट गिअरवर उतरायचा, सारखा ब्रेक दाबून धरायचा नाही आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, एवढं पाळलंत तर दुपारच्या जेवणाला तुम्ही हरिहरेश्वरला असाल. फक्त पावसाळ्यात नको, तिथे दरडी येतात. दिवाळीनंतर जा.

घरच्यांना सांगताना कारणं शोधत बसू नका. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ५१ची होते आणि मलाही हेच विचारलं होतं सगळ्यांनी, काय झालंय म्हणून. काही झालेलं नव्हतं. आपल्याकडे गाडीत चार माणसं असली की डबा बाईच्या मांडीवर, पाण्याची बाटली तिच्या पायाशी, कोणाला मळमळतंय कोणाला भूक लागलीय हे तिनेच बघायचं आणि थांबायचं कुठे ते मात्र चालवणारा ठरवणार. पंचवीस वर्षं मी हर्णैवरून अशीच गेलेय, खिडकीतून सुवर्णदुर्ग बघत. एकटी गेले तेव्हा संध्याकाळी तिथल्या बंदरावर गाडी लावली आणि मासळीचा लिलाव संपेपर्यंत वाळूत उभी राहिले, होड्या आत पाण्यात उभ्या आणि बैलगाड्या चाकं बुडेस्तोवर पाण्यात जाऊन टोपल्या घेऊन येत होत्या, कोळणी हातवारे करून बोली लावत होत्या, माझ्या चपला भिजल्या, अंधार पडला आणि कोणीही म्हटलं नाही की चला आता उशीर होतोय. मला मासे घ्यायचेही नव्हते. नुसतं बघायचं होतं. नवऱ्याला हेच सांगा, की मला माझ्या मनाने थांबायचंय. तुमचा नवरा मैत्रिणींना घेऊन जा म्हणतोय म्हणजे अडवत नाहीये, काळजी करतोय, ती त्याची काळजी वेगळी मिटवता येते.

कशी, तर रोज दोन फोन, दुपारी जेवताना आणि मुक्कामाला पोचल्यावर. दर तासाला कुठे आहेस असा फोन येणार असेल तर ते एकटीने जाणं नव्हेच, हे आधीच प्रेमाने सांगून टाका. मुक्कामाचं घर आधी बुक करा, घरगुती जेवण देणारं बघा, आणि उजेड असतानाच पोचा. मॅप ऑफलाइन उतरवून घ्या कारण घाटात रेंज जाते. अडचणीत मदतीसाठी ११२ नंबर लक्षात ठेवा.

आणि स्टेपनी! मला केळशीच्या पुढे पंक्चर झालं तेव्हा कळलं की स्टेपनीतच हवा नाही. चारही चाकं तपासून निघाले होते, ते पाचवं मी बघितलंच नव्हतं. एका रिक्षावाल्या दादांनी चाक काढून पंक्चरवाल्याकडे नेऊन आणून दिलं, दोन तास गेले. तेव्हापासून हवा भरायचा छोटा पंप डिकीत असतो. निघायच्या आधी एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या हाताने एकदा चाक बदलून बघा. नट सैल करताना पान्यावर पायाने भार द्यावा लागतो, ते तिथेच शिकलेलं बरं.

हरिहरेश्वरहून खाली जायला बागमांडल्याची जंगलजेटी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी बोट, घ्या, नाहीतर सावित्रीची खाडी ओलांडायला आंबेत-म्हाप्रळकडून मोठा वळसा पडतो. पलीकडे वेश्वी. गाडी बोटीवर चढवताना पोटात गोळा येतो खरा, पण तिथली मुलं हात दाखवतात तसं हळूहळू घ्या, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा आणि खाली उतरून कठड्याशी उभ्या राहा. पुढे दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशाच जेट्या आहेत. पण चार दिवसांत सगळं करू नका. दापोलीपर्यंत जा आणि परत या.

प्रश्न: मी २६ वर्षांचा, नाशिकला नोकरी. आईबाबा नागपूरला असतात, सिन्नरजवळून समृद्धीवर चढतो आणि एकट्यानेच जातो, गाणी लावून, फार भारी वाटतं. पण दोन-अडीच तासांनी डोळे जड होतात. काय करू?

उत्तर: गाडी थांबवा, दुसरा उपाय नाही. समृद्धी ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे, आणि त्यावर ना मोठं वळण ना सिग्नल, डोळ्यांना काही कामच राहत नाही. गाण्याचा आवाज वाढवून, काच खाली करून झोप जात नाही बाळा, पाच मिनिटं फसवते फक्त. बाजूच्या सीटवर कोणी नसतं तेव्हा तुझी जांभई बघणारंही कोणी नसतं, म्हणून पहिल्या जांभईलाच पुढचा इंटरचेंज किंवा पंप धरायचा. रस्त्याच्या कडेला शोल्डरवर उभं राहायचं नाही, मागून गाड्या १२०ने येतात. कॉफी घे आणि लगेच वीस मिनिटं झोप, कॉफी चढायलाही तेवढा वेळ लागतोच. पहाटे दोन ते पाच अजिबात चालवू नकोस. टायरची हवा निघायच्या आधी, टायर थंड असताना बघ, आणि टायर जुने झाले असतील तर या रस्त्यावर येऊच नकोस. आईबाबांना पोचायची वेळ सांगू नकोस, निघालो एवढंच सांग.