४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे की संयुक्त?

तुमच्या प्रोग्रॅमने २ हा पाया धरून फर्माची कसोटी (पायाचा, संख्येहून एकने कमी इतका घात घेऊन त्याला संख्येने भागायचं; बाकी १ आली तर संख्या बहुधा मूळ) लावली आणि ४,२९,४९,६७,२९७ ला मूळ ठरवलं, अवयवांच्या तक्त्यात मात्र ती संयुक्त आहे, तर खरं कोणाचं, असं तुम्ही विचारलंय. तक्त्याचं खरं. ६४१ ला ६७,००,४१७ ने गुणून बघा, हीच संख्या येते. पण प्रोग्रॅममध्येही चूक शोधत बसू नका. ही संख्या २ च्या कसोटीत सापडणारी नाहीच.

ती म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. त्यामुळे २ च्या ३२ व्या घाताला तिने भागलं की बाकी उणे १ धरता येते, आणि वर्ग केला की ६४ व्या घाताची बाकी १. कसोटीतला घातांक संख्येहून एकने कमी असतो, म्हणजे इथे तोच २ चा ३२ वा घात. त्याला ६४ ने भाग जातोच, म्हणून बाकी १ येणं अटळ. अशा संख्येला त्या पायाची आभासी मूळ संख्या म्हणतात. पाया ३ घेतलात की बिंग फुटतं.

याच संख्येने खुद्द फर्मा या फ्रेंच गणितज्ञालाही चकवलं होतं. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या मूळ आहेत, तेव्हा याच साच्यातल्या (२ चा १, २, ४, ८, १६ वा घात अधिक १) पुढच्याही असणार, असं त्याने १६४० मध्ये मांडलं. गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ हा अवयव दाखवला. तुम्हालाही तो हाताने सापडेल, कारण हिच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ ने भागलं तर बाकी १ च उरते. मग तपासायच्या मूळ संख्या किती? १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी ६४१!

मला मात्र सगळ्यात आवडतो तो वेगळाच पुरावा. मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता आलीच, तर ती एकाच प्रकारे येते. आपली संख्या ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग आहे, हे उघडच आहे. पण ती ६२,२६४ चा वर्ग अधिक २०,४४९ चा वर्गही आहे. दोन प्रकार मिळाले, म्हणजे ती मूळ नाही, आणि हे कळायला एकही अवयव माहीत असावा लागत नाही. (२०,४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिलो होतो.)

वर्गीकरणाचं थोडक्यात: ६४१ आणि ६७,००,४१७ दोन्ही मूळ, म्हणून विभाजक चारच. स्वतःला सोडून उरलेल्यांची बेरीज ६७,०१,०५९, म्हणजे संख्येहून कमी, म्हणून न्यून संख्या.

प्रोग्रॅममध्ये मिलर-राबिन कसोटी (फर्माच्या कसोटीचं अधिक कडक रूप) घाला, पण नुसता २ तिथेही पुरणार नाही. २, ७ आणि ६१ हे तीन पाया एकत्र वापरलेत, तर ४,७५,९१,२३,१४१ च्या आतल्या प्रत्येक संख्येचं उत्तर अचूक मिळेल.