देणगी केवळ शुल्कापुरतीच असते का?

प्रश्न : माझी मुलगी मुंबई विद्यापीठात पीएच.डी. करते आहे. देणगीदारांच्या निधीतून शुल्काखेरीज आणखी काही मिळू शकते का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : शुल्क हा खर्चाचा केवळ दिसणारा भाग आहे, खरी ओढाताण होते ती परिषदांचे नोंदणीशुल्क, प्रवास, क्षेत्रकार्य आणि प्रबंधलेखनाचे बिनपगारी महिने यांत, आणि देणगीचा पैसा नेमका तेथेच उपयोगी पडतो. परिषदेत निबंध वाचल्यावर जे सहसंशोधक आणि कदाचित पुढे नोकरी देणारेही भेटतात, ते ग्रंथालयात बसून भेटत नाहीत.

मुंबईला ही परंपरा नवी नाही. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून विद्यापीठाचे ग्रंथालय आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर उभा राहिला, तर जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये सुरू केलेल्या जे. एन. टाटा एन्डाउमेंटकडून परदेशातील उच्च शिक्षणासाठी आजही शिष्यवृत्ती मिळते. मात्र ती कर्जाऊ असते, म्हणजे फेडावी लागते. ‘शिष्यवृत्ती’ एवढाच शब्द वाचून पुष्कळ पालकांची (सुशिक्षितांचीही) गल्लत होते. त्यामुळे रक्कम परत करायची आहे का आणि ती कोणत्या बाबींवर खर्च करता येते, हे मुलीने अर्जापूर्वीच पाहावे आणि विभागातील देणगी-निधींची चौकशी मार्गदर्शकांकडे करावी.