‘मॅडम, त्याला केंद्रात टाकू का?’

हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्यासमोर येतो. कधी फोनवर, कधी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाई हळूच विचारतात. बहुतेक वेळा मात्र ग्रामीण रुग्णालयातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत, दार लावून घेतल्यावर. मुलगा चौदा-पंधराचा असतो. दप्तरात तंबाखूचा मावा सापडलेला असतो, नाहीतर खिशात गोळ्यांची रिकामी पट्टी. या वेळी एका आईच्या पिशवीतून रुमाल निघाला. (ओळख पटू नये म्हणून गाव, घर, बारीकसारीक तपशील बदलले आहेत. मुलाला घरी ‘दादा’ म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात निम्म्या थोरल्या मुलांना तेच म्हणतात, म्हणून तेवढं ठेवलंय.)

कॅरीबॅगेत गुंडाळलेला चौकडीचा रुमाल. मधला भाग पापडासारखा कडक. नाकाजवळ न्यायची गरजच नव्हती, पंक्चरच्या दुकानात येतो तो वास खोलीभर झाला. पंक्चर चिकटवायचं सोल्युशन पोरं रुमालावर टाकून हुंगतात.

“मामाच्या गॅरेजात जातो, तिथलाच वास असंल असं वाटायचं,” ती म्हणाली. “सहा महिने मीच हे रुमाल गरम पाण्यात भिजत घालतीय मॅडम.”

ती एमआयडीसीतल्या एका कॅन्टीनमध्ये चपात्या लाटते. अर्ध्या दिवसाचा खाडा करून आली होती. दादा नववीत. भावाने तिला एका व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर आणून दिला होता. रात्री गाडी येते, पोराला उचलून नेतात, तीन महिने भेट नाही, फोन नाही. पैसे भाऊच भरणार होता. तिला माझ्याकडून फक्त ‘हो’ हवं होतं.

मी नाही म्हटलं. व्यसनमुक्ती केंद्रांविषयी मला आकस नाही. 1986 पासून पुण्यात चाललेल्या मुक्तांगणसारख्या जागेने किती घरं सावरली हे मी जवळून पाहिलंय. पण नववीतलं पोर झोपेतून उचलून चाळिशीतल्या दारुड्यांच्या हॉलमध्ये नेऊन टाकणं हा उपचारच नाही, आणि कायद्यालाही ते चालत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अठराच्या आतल्या मुलाला दाखल करायचं तर ते अपवाद म्हणूनच. डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासून गरज ठरवायची, मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं आणि घरचं माणूस पूर्ण वेळ सोबत राहायचं. ‘भेट नाही’ म्हणणाऱ्या केंद्राकडे पोर सोपवायचं कसं?

दुसरी गोष्ट मी तिला त्याच दिवशी सांगितली आणि ती सगळ्यांनाच सांगते. मामाने दादाला उसाच्या फडात रुमालासकट पकडलं होतं आणि काठी घेऊन बांधाबांधाने पळवलं होतं. सोल्युशन, थिनर, पेट्रोल यांच्या वाफांनी हृदय फार नाजूक अवस्थेत जातं. त्याच वेळी मूल घाबरलं, जिवाच्या आकांताने पळालं, तर ठोके बिघडून जागच्या जागी मृत्यू येऊ शकतो. पहिल्यांदाच घेणाऱ्या मुलाच्या बाबतीतसुद्धा. म्हणून असं मूल दिसलं तर ओरडायचं नाही, मागे लागायचं नाही. मोकळ्या हवेत बसवायचं, शांत आवाजात बोलत जवळ थांबायचं. श्वास किंवा शुद्ध ठीक वाटत नसेल तर 108 ला फोन. जाब विचारायला दुसऱ्या दिवशीची सकाळ आहे. मामाला हे कळलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

आणि हे प्रकरण दिसतं तितकं विरळा नाही. 2019 मध्ये एम्सने देशभराच्या पाहणीचा अहवाल दिला, त्यात हुंगायच्या पदार्थांचाच एक गट असा होता जिथे मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त निघालं. मदतीची गरज असलेली मुलं सुमारे 4 लाख 60 हजार. दारूला वय लागतं, पैसे लागतात. सोल्युशनची ट्यूब दप्तरातल्या कंपासपेटीत मावते आणि कोणी विचारत नाही.

दादा पुढच्या मंगळवारी आला. खाली मान, नाकाच्या दोन्ही बाजूंना लालसर पुरळ. मी नाव विचारलं तर म्हणाला, “तुम्ही आमच्या शाळेत आलता. सडक्या तोंडाचे फोटो दाखवलेले.”

आलते. जूनमधली गोष्ट. अंमली पदार्थविरोधी दिनाचं व्याख्यान, चारशे मुलं सतरंजीवर, प्रोजेक्टरवर कर्करोगाचे फोटो, शेवटी हात पुढे करून शपथ. मुख्याध्यापकांनी नारळ आणि शाल दिली होती. मला ते व्याख्यान चांगलं झाल्यासारखं वाटलं होतं.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. घाण वाटली. ते तंबाखूवाल्यांचं व्हतं, माझं नव्हतं. आन् तुम्ही म्हणला एकदा लागलं की सुटत न्हाई. म्हटलं आता सुटतच न्हाई तर जाऊ दे.”

पंधरा वर्षांच्या कामात इतकं नेमकं मूल्यमापन मला कोणी ऐकवलं नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिबंधविषयक मानकांत साफ लिहिलंय की भीती घालणारी, एकदाच होणारी भाषणं उपयोगाची नाहीत, कधी उलटतातही. मी ते वाचलेलं होतं. तरी शाळेतून बोलावणं आलं की फोटोंची फाईल पेनड्राइव्हवर टाकून जात होते, कारण फोटो दाखवले की मुलं शांत बसतात आणि सर खूश होतात.

त्या दिवशी मी त्याला ‘कोणी शिकवलं’ हे विचारलं नाही. ते आधी आईने, मामाने, वर्गशिक्षकांनी विचारून झालं होतं. मी विचारलं, घेतल्यावर काय होतं? तो बराच वेळ खुर्चीच्या हाताचं रेक्झिन उकरत होता.

“आवाज लांब जातो.”

“कुठला आवाज?”

“घरातला.”

वडील ट्रकवर. आठवड्यातून तीन रात्री घरी, त्या तिन्ही रात्री पिऊन. भांडी, शिव्या, धाकटीचं रडणं. दादा दोघांच्या मध्ये उभा राहायचा, सातवीपासून. रात्री दोनला सगळे झोपले तरी त्याचा डोळा लागायचा नाही. आईने हे मला पहिल्या भेटीत सांगितलं नव्हतं. लपवलं होतं असंही नाही. “ते तर रोजचंच हाय,” म्हणाली.

या पदार्थाची सवय उतरवायला खास असं औषध नाही. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्याचं रक्त, वजन, हृदय तपासलं, आणि नैराश्यासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. ते आमच्याकडे ठरलेल्या दिवशी येतात. त्यांनी झोपेची गोळी द्यायचं मुद्दाम टाळलं. बाकीचं काम माझ्या खोलीबाहेरचं होतं. आठवड्याला पाऊण तास तो माझ्यासमोर, उरलेला सगळा वेळ गावात.

शाळेत गेले. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं असतं. विषय अकरा, त्यांत भावनिक आरोग्यही आहे आणि व्यसनप्रतिबंधही. या शाळेत एका सरांचं प्रशिक्षण झालं होतं, त्यांची बदली झाली. दुसऱ्या बाईंचं प्रमाणपत्र फायलीत, आणि त्या दहावीच्या जादा तासांत बुडालेल्या. पण मी दादाचं नाव न घेता बोलायला लागले तशी बाईंनीच वही काढली. त्यांच्या वर्गातली आणखी चार नावं त्यांच्या मनात कधीपासून होती. “सांगायचं कोणाला हेच माहीत नव्हतं,” म्हणाल्या. त्यांच्या मागच्या भिंतीवर 1098, मुलांसाठीच्या मदतीचा नंबर, मोठ्या अक्षरात रंगवलेला होता.

मग आम्ही व्याख्यान बंद केलं आणि गावातल्याच माणसांना शिकवायला चार शनिवार घेतले. पंधरा-सोळा माणसं: दोन शिक्षक, आशाताई, अंगणवाडीच्या बाई, तालमीचे वस्ताद, गणेश मंडळाची तीन पोरं, आणि माझ्या आग्रहाखातर पंक्चरवाला. डिग्री नसलेल्या माणसाला नीट शिकवलं आणि पाठीशी कोणीतरी उभं राहिलं, तर तो हे काम करू शकतो, यावर माझा विश्वास गोव्याच्या ‘संगत’ संस्थेचं काम वाचून बसला. 1996 पासून काम करणाऱ्या या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या माणसांना शिकवून धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांचं समुपदेशन करून घेतलं आणि त्याचा गुण येतो हे रीतसर तपासून दाखवलं. आम्ही काही संशोधन करत नव्हतो. आम्ही सगळ्यात आधी दहा मिनिटं सल्ला न देता ऐकून घ्यायचा सराव केला. वस्तादांना दोन मिनिटंही जमेना. “अहो मॅडम, पोरगं रडायला लागल्यावर काय तोंड बघत बसायचं?” हो, तेच.

नाही कसं म्हणायचं हे मात्र आम्ही शिकवायला गेलो आणि पोरांनी आम्हालाच शिकवलं. पुस्तकात लिहिलंय, ठामपणे ‘नको’ म्हणा. मंडळाचा पोरगा हसायला लागला. कट्ट्यावर ठामपणे नको म्हणणाऱ्याचं काय होतं ते त्याला ठाऊक होतं. त्यांची वाक्यं वेगळी: “पहाटे तालीम हाय, वस्ताद तोंडाचा वास घेत्यात.” “आईला घेऊन दवाखान्यात जायचंय.” “तू घे की, मी गाडी चालवतो.” तोंड राखून सुटता येईल अशी ती बारा-तेरा वाक्यं आम्ही चार्टवर लिहून ठेवली. तो चार्ट माझ्या फोटोंच्या फाईलपेक्षा जास्त फिरला.

पंक्चरवाला दोन शनिवार नुसताच बसला होता. तिसऱ्या वेळी म्हणाला, “मला वाटायचं सायकलला लागतंय पोरांना.” नशेचा पदार्थ मुलाच्या हातात देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे मी त्याला सांगू शकले असते. सोल्युशन त्यात बसतं की नाही यावर वकील वाद घालतील, म्हणून ते काढलंच नाही. त्याने स्वतःच ठरवलं: सायकल दुकानात आणा, पंक्चर मी काढतो, ट्यूब हातात मिळणार नाही. थोडा धंदाही वाढला त्याचा.

घरचं मात्र इतकं सोपं नव्हतं. वडिलांना दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, तालुक्याच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकीला नेलं, दोनदा गेले, मग ट्रक लागला. अजूनही पितात. आई पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच्या अल-अनॉनच्या बैठकीला जायला लागली, तिथल्या दोघी आता तिच्या मैत्रिणी आहेत. वडील पिऊन आले की दादाने मध्ये पडायचं नाही, धाकटीला घेऊन मागच्या दाराने चुलतीकडे जायचं आणि तिथेच झोपायचं, हे आम्ही चुलतीला बोलावून, चौघांनी बसून ठरवलं. वडिलांच्या दारूचा बंदोबस्त करणं पंधरा वर्षांच्या मुलाचं काम नाही, हे त्याला पटायला मात्र चार महिने गेले.

मध्ये दोनदा घसरला. एकदा दिवाळीत, एकदा सहामाहीचा निकाल लागल्यावर. पहिल्या वेळी मामाने परत केंद्राचा नंबर काढला. दुसऱ्या वेळी दादाने रात्री दीडला चुलतीच्या फोनवरून टेली मानसला, मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, 14416 ला फोन लावला. हा नंबर 2022 पासून चालू आहे, रात्रंदिवस, फुकट, मराठीतही. सकाळी मला म्हणाला, “बाई चांगल्या होत्या. जेवलास का विचारलं.” काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. व्यसनासाठी वेगळा 14446 आहे, तोही त्याच्या वहीत लिहिलाय, पण त्याला पहिलाच पाठ झालाय.

एक करार उरला होता. आई रोज संध्याकाळी त्याच्या रुमालाचा वास घ्यायची, त्याच्यासमोर. तो त्यावरून ताट सोडून उठायचा. करार असा ठरला की ती वास घेणार नाही, आणि शंका आली तर तोंडाने विचारणार, त्यानेही खरं सांगायचं.

गेल्या महिन्यात ती एकटीच आली, ड्यूटी संपवून, पदराला पीठ तसंच. दादा दहावीत गेलाय, तालमीत जातो, गणितात नापास आहे.

“त्याच्यासमोर वास घेत न्हाई आता,” म्हणाली. “पण धुताना नाकाशी जातोच मॅडम हात.”

“जाऊ दे,” मी म्हटलं.