तोंड उघडण्याआधी ते मऊ व्हावं लागतं

बाळंतपणाबद्दलच्या तुमच्या प्रश्नांत एकच वाक्य पुन्हा पुन्हा येतं: ‘पिशवीचं तोंड (म्हणजे गर्भाशयाचं मुख) उघडत नाहीये.’ उघडणं हा शेवटचा टप्पा असतो. त्याआधी बरंच काही घडावं लागतं, पण ते कुणी सांगत नाही, आणि घाई मात्र सगळ्यांना असते. म्हणून आज एवढ्याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : ३८ आठवडे पूर्ण झाले, पहिलीच खेप. काल तपासलं तेव्हा तोंड पूर्ण बंद होतं. माझ्या जावेचं या वेळी दोन बोटं उघडलं होतं. आता सिझेरियनच होणार का?

नाही. एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

गर्भाशयाचं मुख एरवी तीन-चार सेंटिमीटर लांब, घट्ट आणि मागच्या बाजूला वळलेलं असतं. महिनोन्‌महिने बाळाला आत धरून ठेवणं हेच त्याचं काम. आपल्या नाकाचा शेंडा दाबून पाहा, कच्चं मुख बोटाला तसं लागतं. आता ओठ दाबून पाहा, तयार झालेलं मुख तितकं मऊ लागतं. हा बदल व्हायला काही आठवडे जातात. मुखातले कोलॅजेनचे धागे पीळ सुटल्यासारखे सैल होतात, त्यांच्यात पाणी शिरतं. मग मुख आखूड होतं, पुढे सरकतं आणि उघडू लागतं. उंच गळ्याचा स्वेटर डोक्यातून घालताना गळा आधी ताणून पातळ होतो आणि मग डोकं बाहेर येतं, तसंच हे. पहिल्या खेपेला बहुधा आधी आखूड होणं आणि मग उघडणं असा क्रम असतो. पुढच्या खेपांना दोन्ही बरोबरीने चालतं, कधी कळांच्या कितीतरी आधी तोंड थोडं उघडलेलं असतं. जावेची दुसरी खेप होती का, ते आधी विचारा.

१९६४ साली एडवर्ड बिशप या डॉक्टरांनी यासाठी गुण द्यायची पद्धत मांडली. मुख किती उघडलं, किती आखूड झालं, किती मऊ आहे, कुठल्या दिशेला आहे आणि बाळाचं डोकं किती खाली आलं, या पाच गोष्टींचे मिळून १३ गुण. आठ किंवा जास्त असतील तर मुख तयार, सहा किंवा कमी असतील तर अजून कच्चं. उघडणं ही पाचांपैकी एक गोष्ट झाली. पुढच्या भेटीत ‘किती उघडलं?’ एवढंच विचारू नका. ‘मऊ झालंय का, डोकं खाली आलंय का?’ हेही विचारा.

प्रश्न : जिने चढउतार केल्यावर तोंड लवकर उघडतं का?

तशी खात्री देता येत नाही. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर सपाट जागी झेपेल तेवढं चाला.

प्रश्न : ‘सुलभ प्रसूती’च्या नावाने इव्हिनिंग प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूल मिळतात. त्या आत ठेवायच्या म्हणतात. आणि एरंडेल घेऊ का?

दोन्ही नको. प्रिमरोजने मुख तयार होतं याला भक्कम पुरावा नाही. दिवस भरत आलेल्या बाईची काळजी ही विकणाऱ्यांना हक्काची बाजारपेठ वाटते, याचा मला मनापासून राग येतो. एरंडेलाने कळा येऊ शकतात, पण त्याबरोबर जुलाब आणि उलट्याही होतात. ज्या दिवशी अंगात सगळ्यांत जास्त ताकद हवी, त्या दिवशी शरीरातलं पाणी कमी करून घेण्यात काय अर्थ आहे? काहीही घेण्याआधी डॉक्टरांना ते नाव घेऊन विचारा.

प्रश्न : पहिलं सिझेरियन आहे, या वेळी नॉर्मल व्हावं अशी फार इच्छा आहे. एका नातेवाईक बाईंनी मेडिकलमधून मिसोप्रोस्टॉलची गोळी आणून अर्धी घरीच योनीत ठेवली आणि त्या लगेच मोकळ्या झाल्या. मीही तसं करू का?

अजिबात नाही. यावर थोडं सविस्तर लिहिते.

ही गोळी मुळात पोटातल्या अल्सरसाठी निघाली. ती मुख मऊ करते आणि गर्भाशयाला कळाही आणते, म्हणून आम्ही डॉक्टरही ती वापरतो. पण आमची एका वेळची मात्रा असते २५ मायक्रोग्रॅम, आणि मेडिकलमधली गोळी बहुधा २०० ची असते. म्हणजे अर्धी गोळी झाली चौपट मात्रा. ब्लेडने आठ तुकडे केले तरी ते सारखे होत नाहीत, एकात औषध जास्त, दुसऱ्यात कमी. शिवाय ती विरघळते. योनीत ठेवायचं, दोरी असलेलं प्रोस्टाग्लँडिनचं (मुख मऊ करणाऱ्या द्रव्याचं) औषध त्रास झाला तर ओढून काढता येतं, विरघळलेली गोळी परत काढता येत नाही.

कळ येते तेव्हा वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. दोन कळांच्या मधल्या वेळात बाळाला पुन्हा पुरेसा ऑक्सिजन मिळतो. दहा मिनिटांत पाचाहून जास्त कळा येऊ लागल्या की हा मधला वेळच उरत नाही. अशी बाई आमच्याकडे येते तेव्हा पोटावर हात ठेवला की ते लाकडासारखं कडक लागतं, सैल पडतच नाही. पुढचा हात जातो तो बाळाचे ठोके ऐकायला, आणि ते ऐकू येईपर्यंतचे क्षण मला आजही जड जातात.

तुमचं तर आधीचं सिझेरियन आहे. गर्भाशयावर जुना व्रण आहे, तो जोरदार कळांनी फाटू शकतो. त्यात आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. म्हणूनच दिवस भरलेल्या आणि आधी सिझेरियन झालेल्या बाईला कळा आणण्यासाठी ही गोळी रुग्णालयातही देत नाहीत. नॉर्मलची इच्छा योग्यच आहे, ती डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आधीचं ऑपरेशन का झालं, टाका आडवा की उभा, याचे कागद घेऊन जा. आणि कुणी गोळी घेतली असेलच, तर किती आणि किती वाजता घेतली ते रुग्णालयात पोचताच सांगा. रागावतील म्हणून लपवू नका, त्या माहितीवर पुढचे उपचार ठरतात.

प्रश्न : ४१ आठवडे झाले. डॉक्टर आधी फुगा बसवू म्हणतात. सरळ कळांचं सलाईन का लावत नाहीत?

कारण सलाईनमधलं ऑक्सिटोसिन कळा आणतं, कच्चं मुख मऊ करायचं काम ते नीट करत नाही. कच्च्या मुखावर कळा आदळत राहिल्या तर तासन्‌तास जातात आणि तुम्ही दमून जाता. एक बारीक नळी मुखातून आत सरकवून तिच्या टोकाचा फुगा साधारण ३० ते ६० मिलिलिटर निर्जंतुक पाण्याने भरतात. त्याच्या दाबाने मुख मऊ होतं आणि हळूहळू उघडतं. तीनेक सेंटिमीटर झालं की फुगा बहुधा आपसूक निसटतो. बसवताना पाळीत दुखतं तसं दुखतं. तुमचे डॉक्टर योग्य क्रमाने चालले आहेत. तुमच्या बाबतीत मुख मऊ करणारं जेल बरं की फुगा, ते त्यांनाच विचारा.

प्रश्न : आतून तपासताना डॉक्टरांनी बोट फिरवून ‘पडदा सोडवला’. तेव्हापासून थोडं लाल जातंय.

चिकट स्रावात मिसळलेले लाल-तपकिरी डाग आणि थोडी कळ, हे त्यानंतर होतं. बोटाने गर्भजलाचा पडदा मुखाजवळ सुटा केला की तिथेच मुख मऊ करणारं प्रोस्टाग्लँडिन तयार होतं, म्हणून ते करतात. पाळीसारखं लालभडक रक्त वाहू लागलं, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच रुग्णालयात जा. आणि असं काही करण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं, हेही खरं.

प्रश्न : शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला आतून तपासणी हवीच का?

नाही. कारण असेल तरच, आणि ते कारण विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

प्रश्न : काल रात्रीपासून थोडं थोडं पाणी जातंय. कळा नाहीत. सगळे म्हणतात, कळा आल्यावरच जा.

त्यांचं ऐकू नका. तुम्हाला मी वेगळं कळवलंच आहे, तरी बाकीच्यांसाठी इथे पुन्हा लिहिते. पाणी गेल्यावर जंतूंना आत जायला वाट मोकळी होते, आणि बाळाचं डोकं खाली बसलेलं नसेल तर नाळ पुढे सरकायचा धोका असतो. मुख तयार होईपर्यंत थांबायचं की औषध द्यायचं, हा निर्णय तपासूनच घेता येतो. किती वाजता पाणी गेलं ते लिहून ठेवा, स्वच्छ पॅड लावा, आत काहीही घालू नका. पाणी हिरवट असेल, वास येत असेल, ताप असेल किंवा बाळ कमी हलत असेल, तर कपड्यांची पिशवी भरत बसू नका. ती मागून कुणीही आणेल, तुम्ही आधी निघा.