‘प्यूनिक’ युद्धांतले प्यूनिक कोण?

प्रश्न असा आहे: स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत रोम आणि कार्थेज यांच्या लढायांना ‘प्युनिक युद्धे’ म्हटलेले असते. हे प्युनिक म्हणजे काय? पनिशमेंटशी त्याचे काही नाते आहे का? आणि ऋग्वेदातले पणी, म्हणजे तिथे कंजूष व्यापारी म्हणून येणारे लोक, ते हेच का?

शेवटच्या दोन्ही शंकांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. पण पनिशमेंटची शंका चुकीची असली तरी बिनबुडाची नाही.

लॅटिनमध्ये कार्थेजच्या माणसाला ‘पोएनुस’ म्हणत आणि त्याचे विशेषण होते ‘पूनिकुस’. शिक्षेला म्हणत ‘पोएना’ आणि शिक्षा करणे म्हणजे ‘पूनिरे’. या दोन जोड्या शेजारी ठेवल्या की कुणीही फसावे. झाले असे की जुन्या लॅटिनमधला ‘ओइ’ पुढे बहुतेक ठिकाणी ‘ऊ’ झाला आणि काही शब्दांत ‘ओए’ असा मागे राहिला. ‘एक’ या अर्थाच्या ‘ओइनोस’चा ‘ऊनुस’ झाला तो याच वाटेने. त्यामुळे दोन्ही कुळांत पोए आणि पू अशी रूपे दिसतात. कुळे मात्र वेगळी. ‘पोएना’ आला ग्रीक ‘पोइने’वरून, म्हणजे खुनाबद्दल भरायचा दंड. ‘पोएनुस’च्या मुळाशी आहे ग्रीक ‘फोइनिक्स’, म्हणजे फिनिशियन, आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचा माणूस. सुरुवातीच्या लॅटिनला ग्रीकांचा ‘फ’ मानवत नसे, त्याचा सरळ ‘प’ व्हायचा. जांभळ्या रंगाच्या ‘पोर्फिरा’चा ‘पुर्पुरा’ झाला तसाच.

रंगाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. ‘फोइनिक्स’ला ग्रीकमध्ये गडद लाल-जांभळा हाही अर्थ आहे. टायर शहराचे फिनिशियन व्यापारी समुद्री शंखगोगलगायींपासून काढलेल्या रंगासाठी प्रसिद्ध होते, म्हणून त्यांचे नाव बहुधा या रंगावरून पडले असे मानतात. त्याच शब्दाचा तिसरा अर्थ खजुराचे झाड आणि चौथा अर्थ तो राखेतून उठणारा पक्षी. एकाच शब्दाने किती ओझे वाहावे!

स्वतः त्या लोकांना यातले काहीच ठाऊक नसावे. टायरहून निघालेल्यांनी उत्तर आफ्रिकेत आजच्या ट्युनिसजवळ वसाहत केली, तिला ‘कर्त-हदश्त’ म्हणजे ‘नवे शहर’ म्हटले. रोमनांच्या तोंडी त्याचे ‘कार्थागो’ झाले. पुढे कार्थेजचा प्रसिद्ध सेनापती हॅनिबल याच्या मेव्हण्याने स्पेनमध्ये दुसरे ‘नवे शहर’ वसवले. रोमनांनी त्याला ‘कार्थागो नोव्हा’ म्हणजे ‘नवे नवे शहर’ करून टाकले; आजचे कार्ताहेना ते हेच. स्वतःला हे लोक ‘कनानी’ म्हणवत. कार्थेज बेचिराख होऊन पाच शतके उलटल्यावरही आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांना ‘तुम्ही कोण’ असे विचारले तर ते आपल्या भाषेत ‘कनानी’ असेच सांगतात, अशी नोंद संत ऑगस्टीनने केली आहे. पणींचा दावा इथेच गळून पडतो. ते स्वतःला म्हणत कनानी, ग्रीक म्हणत फोइनिक्स, आणि ‘प’ लागला तो थेट इटलीत पोहोचल्यावर. मग ऋग्वेदात तो आधीच कुठून येणार?

परक्याने ठेवलेले नाव कसे पसरते, हे मराठीत पाहायचे तर ‘फिरंगी’ पाहा. शब्द फ्रँक लोकांचा, आपल्याकडे चिकटला पोर्तुगीजांना, मग तलवारीला फिरंग म्हटले आणि एका गुप्तरोगालाही. ‘पूनिकुस’चे असेच झाले. रोमनांनी डाळिंबाला ‘मालुम पूनिकुम’ म्हणजे प्यूनिक फळ म्हटले, कारण त्यांच्याकडे चांगली डाळिंबे कार्थेजच्या बाजूने येत. डाळिंबाच्या शास्त्रीय नावात हा शब्द अजून आहे: प्युनिका ग्रॅनाटम. सांगोल्याच्या बागेतला ‘भगवा’सुद्धा वनस्पतिशास्त्राच्या वहीत प्यूनिकच.

फिरंगी रोगासारखा बदनामीचा वापर म्हणजे ‘पूनिका फिदेस’, प्यूनिक इमान, अर्थात बेइमानी. हॅनिबलबद्दल लिहिताना रोमन इतिहासकार लिव्ही त्याची दगाबाजी ‘प्यूनिकांहून प्यूनिक’ होती असे म्हणतो. हे वाचताना दुसरी बाजूही डोळ्यांसमोर ठेवावी. पहिले युद्ध (इ.स.पू. २६४–२४१) संपल्यावर कार्थेज स्वतःच्या भाडोत्री सैन्याच्या बंडाने खिळखिळे झाले असताना रोमने सार्डिनिया बळकावला. ग्रीक इतिहासकार ॲप्पियनच्या वर्णनानुसार इ.स.पू. १४९ मध्ये रोमच्या मागणीवरून कार्थेजने आधी ओलिस दिले, मग दोन लाख सैनिकांची शस्त्रसामग्री आणि दोन हजार क्षेपणयंत्रे हवाली केली. सगळे हाती आल्यावर रोमन सेनापतींनी शेवटची अट सांगितली: शहर सोडा आणि समुद्रापासून ऐंशी स्टेडिया, म्हणजे सुमारे पंधरा किलोमीटर, आत जाऊन राहा. व्यापारावर जगणाऱ्या शहराला! लोकांनी नकार दिला, तीन वर्षे वेढा सोसला आणि १४६ मध्ये सगळे संपले. त्यांची बाजू सांगणारा त्यांचा इतिहास हाती उरला नाही. रोमन सिनेटने लॅटिनमध्ये मुद्दाम भाषांतरित करवून घेतला तो कार्थेजच्या मागोचा २८ खंडांचा शेतीवरचा ग्रंथ, आणि आज त्याचीही फक्त अवतरणे मिळतात. हॅनिबलच्या, म्हणजे दुसऱ्या, युद्धानंतर थोड्याच वर्षांत रोमन नाटककार प्लाउटुसने ‘पोएनुलुस’ हे प्रहसन लिहिले. त्यात हान्नो नावाचे पात्र रंगमंचावर चक्क प्यूनिक बोलते. लॅटिन लिपीत लिहिलेल्या त्या ओळी अभ्यासक अजून सोडवत बसलेले आहेत.

म्हणजे ‘प्यूनिक युद्ध’ हे नाव केवळ रोमच्या तंबूतले आहे. पलीकडचे लोक त्याला रोमशी झालेले युद्ध म्हणत असणार.

मराठीत काय लिहावे? ‘प्यूनिक’ आता रुळले आहे, काढून टाकायची गरज नाही. पण पहिल्या उल्लेखात ‘रोम-कार्थेज युद्धे’ म्हणावे, म्हणजे प्यूनिक नावाचा देश होता की काय असा घोळ विद्यार्थ्यांच्या डोक्यात होणार नाही. भाषेसाठी आणि शिलालेखांसाठी ‘प्यूनिक’ हाच शब्द बरोबर, तिथे ‘कार्थेजी’ नको. कार्थेजबाहेरही ती भाषा दूरवर बोलत असत. ऱ्हस्व-दीर्घाचे म्हणाल तर छापील पुस्तकांत ‘प्युनिक’ही दिसते, ते चूक धरू नये. मी ‘प्यू’ दीर्घ लिहितो, कारण मूळ लॅटिन ‘पू’ दीर्घ आहे आणि बोलतानाही आपण तो लांबवतोच. वनस्पतीचे नाव मात्र पाठ्यपुस्तकांत ‘प्युनिका’ असे ऱ्हस्व छापलेले असेल तर तिथे तसेच ठेवा, नाहीतर परीक्षक उगाच गुण कापायचा.